रविवारची बाटली

फोन आला तेव्हा मी पौडला, माले गावाकडे जाणाऱ्या गाडीची वाट बघत उभी होते. आत्याचा मुलगा इतकंच म्हणाला, "आई गेली..." माझ्या पिशवीत तिच्यासाठी आणलेली रिकामी बाटली होती. महिना उलटला, तरी अजून नीट रडू आलेलं नाही. नुसता थकवा आहे.

आमच्या घरात कॉलेजला जाणारी मी पहिलीच. सरांचा एक अभ्यास होता. माणसं काय खातात ते आधी त्यांना विचारायचं आणि मग लघवीत तपासायचं. अन्न पचलं की त्याच्या खुणा लघवीत उतरतात. मासळीच्या वेगळ्या, पालेभाजीच्या वेगळ्या. नमुन्यांच्या बाटल्या भरून घ्यायला मी माले घेतलं, कारण तिथे आत्या होती. एकटीच राहायची, मुलगा हिंजवडीला नोकरीला. सगळं खाते, मासळीसुद्धा, असं तिनं सांगितलं आणि तपासणीतही तसंच निघालं. सर म्हणाले, तुझी आत्या खरं बोलते. मला बरं वाटलं होतं...

मग एकदा संध्याकाळी न कळवता गेले. चूल गार होती आणि आत्या बेकरीचं बटर चहात बुडवून खात बसली होती. रोजचं जेवण तेच. तिची मनगटं किती बारीक झालीत, ते मला त्या दिवशी दिसलं. मासळीचं विचारलं, तर म्हणाली, "बाटली द्यायच्या आदल्या दिशी करते की. एकटीसाठी रोज कोन चूल पेटवतंय? पन तितं पुण्यात च्या-बटर निघालं तर लोकं म्हंतील, हिच्या घरात खायाला न्हाई."

अभ्यास संपला, पण मी तिला सांगितलं नाही. उरलेल्या बाटल्या सरांकडून मागून घेतल्या. दर रविवारी सकाळी भरलेली न्यायची, रिकामी द्यायची. म्हणजे निदान शनिवारी तरी चूल पेटायची. भरलेली बाटली मी रस्त्याच्या वळणापलीकडे ओतून टाकायचे. परीक्षा, गाड्यांची वाट बघणं... कधीकधी अगदी नको व्हायचं. मी तिला सांभाळतेय की फसवतेय, तेही कळायचं नाही. ती मात्र दर वेळी विचारायची, "काय निघालं गं?"

"चांगलं निघालं, आत्या."

"निघनारच. सुकट बाजारातनं निवडून आनली व्हती."

फोन आला त्या रविवारी पुढच्या खोलीत माणसं जमली होती. मी मागच्या पडवीत गेले. खिडकीत, नेहमीच्या जागी, बाटली होती. भरलेली, झाकण घट्ट लावून वर चिंधी बांधलेली. पहाटे उठून तिनं ती भरली असणार. पिशवीतली रिकामी बाटली मी तिच्या शेजारी ठेवली. रिकामी अजून तिथेच आहे. भरलेली तपासायची गरज नव्हती. आदल्या रात्री आत्या जेवली होती.