गोगलगाईचा रस्सा

हे मी आजवर कोणापाशी बोललो नाही. बायकोपाशी, सखूपाशीही नाही — अन् तिच्यापाशीच बोलाले पाहिजे होतं. ती गेली मागच्या उन्हाळ्यात. आता तुम्ही ऐका.

आम्ही दारव्ह्याकडले. बौद्ध धम्माची दीक्षा घेतली होती, मेलेल्या ढोराचं, मढ्याचं मांस सोडलं होतं, मान वर करून चालून राह्यलो होतो. दीक्षेच्या पुढल्या पावसाळ्यात सखू बाळंतीण झाली. पोरगी. पण दूध उतरेना. नर्सबाई म्हणे, अंगात ताकद नाही, हिले मटण-अंडी द्या. कुठून देऊ?

सखू नाल्यावर गेली, पदरात गोगलगाई घेऊन आली. पाण्यात ठेवून माती काढली, उकळल्या, काट्यानं मांस ओढलं, तिखट रस्सा केला. तिच्या माहेरी बाळंतिणीले हेच देत. नर्सबाई हसली नाही. म्हणे, मटणासारखीच ताकद आहे यात, चांगल्या शिजवून खा.

दूध आलं. पोरीचे गाल भरले. अन् रस्सा — मीही ओरपला. खोटं कायले बोलू?

मग एक दिवस झाडाखाली बैठकीत एकानं काढलं, "काय गा, तुया घरी गोगलगाय शिजते म्हणे? शिंगं कोण खाते, तू का बायको?" सारे हसले. मी म्हटलं — मी नाही खात, तिच्या माहेरची घाण आहे ते. एक म्हातारबा होते, ते म्हणाले, "अरे बाबू, आपण मढं सोडलं. गोगलगाय तं जित्ती असते." मले का समजत नव्हतं?

तरी घरी आलो, अन् सखूले पंचशील ऐकवलं. जीवहत्या करू नये म्हणे! कोण म्हणे — बाजाराच्या दिवशी दारव्ह्यात कोणी चारलं तं बकऱ्याचं मटण खाणारा मी! चुलीवरचा रश्श्याचा गंज लाथेनं उलटवला.

ती एवढंच म्हणाली, "मंग पोरीले काय पाजू?"

मी बाहेर निघून गेलो.

ती पुन्हा नाल्यावर गेली नाही. दूध आटलं. थंडी पडायच्या आत पोरगी गेली. तापानं गेली, असं मी सांगत आलो. ताप होताच — पण त्याच्या आधीच तिचे हात काड्यांसारखे झालते. मी पाह्यले होते.

सखू म्हातारी होईस्तोवर बायांले सांगे, "माह्यंच दूध कमी पडलं वो." माह्यासमोर सांगे.

अन् मी हो म्हणून मान हलवत राहायचो.