विरूपाक्षअप्पांच्या शेजारची जागा

मी मूळचा हिमायतनगरकडचा. नोकरीनं मला देवणीच्या पलीकडे, कर्नाटकाच्या शिवेला टेकलेल्या केसरहळ्ळीत आणून टाकलं आणि तिथं मी सोळा वर्षं मास्तरकी केली. आयुष्यातली सगळ्यात मोठी चूकही मी तिथल्याच शाळेत, खुर्चीवर आरामात बसून, निळ्या शाईनं केली. ती भोवली कमलम्माला.

कमलम्मा तेव्हा पन्नाशीच्या आतबाहेर असेल. काटकुळी, अनवाणी, गळ्यात लिंग, कपाळावर भस्माच्या रेघा. नवरा बहात्तरच्या दुष्काळात गेला होता. मागं तीन एकर बरड आणि दोन देवणी गाई. गाईंशी ती कानडीत बोलायची, माणसांशी मराठीत, आणि भांडायची मात्र दोन्हीत. शिवारातली प्रत्येक पायवाट तिला ठाऊक होती.

ब्याऐंशीला लातूर जिल्हा नवा झाला. आम्ही झोपलो उस्मानाबादचे आणि उठलो लातूरचे. गावात त्यानं काडीचा फरक पडला नाही, फक्त कागद जास्त येऊ लागले. त्यातलाच एक माझ्या गळ्यात पडला. नव्या जिल्ह्याची माहितीपुस्तिका निघणार होती, तिच्यासाठी ‘गावाच्या परिसरातील प्रेक्षणीय स्थळे व पायी फिरण्याच्या वाटा’ लिहून द्यायच्या होत्या. पायी फिरण्याच्या! आमच्याकडे पायी सोडून दुसरं होतं काय? पावसाळ्यात बाळंतीण बाजेवर घालून नाल्यातून न्यावी लागे. पण जिल्ह्याचे साहेब स्वतः पाहायला येणार होते, म्हणून मी कमलम्माला गाठलं.

“साहेबाला पाहण्यासारखं काय हाय ते दाखवायचं, अव्वा.”

“पाहण्यासारखं म्हंजी? कुणाला पाहण्यासारखं?”

म्हटलं, तुला जे दाखवावंसं वाटेल ते.

साहेबांचं नाव हणमंतराव. पुण्याकडचे, सभ्य, घामाघूम. कमलम्मानं त्यांना आधी एक उघडं माळरान दाखवलं, कारण बहात्तरला तिथं गुरांची छावणी होती आणि तिची गाय तिथं जगली होती. मग खडी फोडायची जागा दाखवली. मग कोरडा तलाव. “ह्यो आम्ही डोक्यावर माती वाहून केला,” ती म्हणाली. साहेबांनी तलावाकडे पाहिलं, मग माझ्याकडे. दाखवणारीला वाटत होतं सगळं दाखवतेय, पाहणाऱ्याला काहीच दिसत नव्हतं आणि मधल्यामध्ये मी लाजेनं अर्धा झालो होतो.

परतीच्या वाटेवर तिचं शेत लागलं. उतारावर एक बेल, त्याच्या सावलीत काळ्या दगडांचा ओटा आणि ओट्यावर शिवलिंग. साहेबांचा चेहरा उजळला. त्यांनी बूट काढले, ओट्यावर डोकं टेकलं. कमलम्मा बघतच राहिली. मग धावत जाऊन तिनं घागर आणली, त्यांच्या हातावर पाणी घातलं, गूळ दिला. तिच्या डोळ्यांत पाणी होतं. मला वाटलं, काय ही भक्ती!

साहेब हळूच म्हणाले, “गुरुजी, हे फार जुनं असणार. लिहा.” आणि मी शाळेत परतून लिहिलं: ‘प्राचीन हेमाडपंती शिवस्थान’. हेमाडपंती कशाला म्हणतात हे मला तेव्हा माहीत नव्हतं. आजही नीटसं माहीत नाही.

तो ओटा म्हणजे कमलम्माच्या नवऱ्याची समाधी होती.

आमच्या हिमायतनगरकडे मी असं काही पाहिलं नव्हतं. लिंगायतांत मेलेल्या माणसाला जाळत नाहीत. बसवून पुरतात, हातात त्याचं लिंग देऊन, बेल आणि भस्म घालून, पुष्कळदा स्वतःच्याच शेतात. ज्याची ऐपत असेल तो वर ओटा बांधून लिंग बसवतो. तलावाच्या कामावरून उरलेले दगड मुकादमाच्या पाया पडून कमलम्मानं आणले होते. गावात हे शेंबडं पोरसुद्धा सांगू शकलं असतं, पण मी कुणाला विचारलंच नाही. आणि कमलम्माला वाटलं, नव्या जिल्ह्याचा एवढा मोठा साहेब खास तिच्या नवऱ्याच्या पाया पडायला वाट वाकडी करून आला.

पुस्तिका छापून आली आणि माणसं यायला लागली. आधी श्रावणी सोमवारी चार-दोन, मग उदगीरच्या शाळांच्या सहली, मग नवस बोलणाऱ्या बाया. कमलम्मा पहिल्यांदा हरखली, नंतर गोंधळली. एकदा शाळेत येऊन दारातच बसली.

“गुरुजी, ही मान्सं आमच्या मालकाला लेकरू मागून राहिलेत.”

तेव्हा मला कळलं. हातातला खडू तसाच राहिला.

“आमचे मालक लई साधे व्हते,” ती म्हणाली. “चिलीम वढायचे. तापट व्हते. सोताला लेकरू झालं न्हाई त्याइला. ते दुसऱ्याला कुठून देतील? सांगू का मी ह्या बायांना?”

“सांग की,” मी म्हणालो. पण लगेच सरपंच बसवराज यांची आठवण झाली आणि म्हणालो, “थांब जरा.”

बसवराजना सगळं ठाऊक होतं. पंच्याऐंशीला पुन्हा पावसानं दगा दिला होता, गावात हाताला काम नव्हतं आणि त्याच ‘प्राचीन’ स्थळामुळे दुष्काळी कामातून आम्हाला पक्का रस्ता मंजूर झाला होता. “गुरुजी, तुम्ही लिवलं ते खोटं असंल,” बसवराज म्हणाले, “पर रस्ता तर खरा हाय.” मी गप्प बसलो. कमलम्माही गप्प बसली, कारण तिनं बाजेवरच्या बाळंतिणी पाहिल्या होत्या.

रस्ता झाला. मग ओट्याभोवती फरशी घालायला गवंडी आले. आणि त्या सकाळी कमलम्मा ओट्याच्या डाव्या अंगाला जाऊन मातीवर मांडी घालून बसली, ती उठेचना.

गवंडी थांबले. योगायोगानं त्या दिवशी हणमंतराव काम पाहायला आले होते. ते वाकून म्हणाले, “आजी, उठा. देवाचं काम आहे.”

“साहेब, तुम्ही ज्याइच्या पाया पडले ते माझे मालक हाइत. मी त्याइला इथं बसवलं. ही शेजारची जागा माझी हाय. तुम्ही फरशी घातली तर मी मेल्यावर कुठं बसू?”

साहेबांना काही समजेना. त्यांनी माझ्याकडे पाहिलं. मी सगळं सांगितलं, मान खाली घालून. ऐकताना त्यांचा चेहरा लाल झाला, मग उतरला. छापलेली पुस्तकं परत घेता येत नव्हती, झालेला रस्ता उचलता येत नव्हता. मग साहेब गवंड्याला म्हणाले, “इथं चार हात जागा सोड. कोणी विचारलं तर माझं नाव सांग.”

अशी ती चौकोनी काळी माती चकचकीत फरशीच्या मधोमध राहिली. कमलम्मा रोज ती झाडायची, तण उपटायची. येणाऱ्यांना ती पुजारीण वाटायची. काही जण तिच्याही पाया पडत आणि ती दचकून मागं सरे.

शेवटच्या आजारात मी तिला भेटायला गेलो. तिला मरणाची भीती नव्हती. तिची काळजी वेगळीच होती.

“गुरुजी, मी तिथं बसल्यावर मान्सं मलापण मागतील. मला काय देता येतंय?”

मी म्हणालो, “तुला कुणी काही मागणार न्हाई, अव्वा.” मला तसं खरंच वाटत होतं की तिची समजूत काढायची होती, हे आज आठवत नाही.

जंगम पुरोहित आले, मंत्र झाले आणि तिला तिच्या जागेत बसवलं. मी मूठभर माती टाकली. रडलो. माझ्या हातून या बाईला आयुष्यभराचा घोर लागला होता आणि तिनं मला एकदाही बोल लावला नव्हता.

पुढच्या सोमवारी नांदेडकडची एक तरुण बाई नवऱ्याबरोबर आली. ओली माती पाहून थबकली.

“हे काय आहे?”

बसवराजनी माझ्याकडे पाहिलं. मी म्हणालो, “ही कमलम्मा. ओट्याखाली आहेत ते तिचे मालक, विरूपाक्षअप्पा. दुष्काळात तलावाचं काम करताना ऊन लागून गेले.”

“मग महादेव कुठंय?”

ती नवऱ्याकडे वळली, पुन्हा ओट्याकडे वळली. मग तिनं ओंजळीतली बेलाची पानं निम्मी ओट्यावर ठेवली आणि निम्मी कमलम्माच्या मातीवर.