साहेबाच्या मासोऱ्या

आमच्या घरात माझ्याआधी कोणी अर्जापेक्षा लांब काही लिहिलेलं नाही, आणि अर्जही दुसऱ्याकडूनच लिहून घ्यायचे. तेव्हा आपण लिहायला बसावं की नाही, याचा संकोच मला अजून वाटतो. त्यात विषय काचेच्या पेटीतल्या माशांचा. वाचणाऱ्यांनी चूकभूल माफ करावी. मनात राहून गेलेलं आहे, म्हणून लिहितो.

मी बी.एस्सी.च्या शेवटच्या वर्षाला चंद्रपुरात होतो. आमचं गाव आरमोरीजवळ, धानाच्या बांध्यांमधलं. शेताच्या कडेला आमची बोडी, म्हणजे लहान तळं. वसतिगृहात जागा मिळाली नाही. शेजारच्या गावचे एक भाऊ कोळसा खाणीतल्या एका साहेबांकडे ड्रायव्हर होते. त्यांनी शब्द टाकला आणि साहेबांच्या बंगल्यामागची खोली मला मिळाली. भाडं नाही. त्या बदल्यात दिवाणखान्यातले नऊ मासे सांभाळायचे. आठ लाल-सोनेरी आणि एक काळा, डोळे बाहेर आलेला. नऊच पाहिजेत, असं साहेबांना कोणी वास्तुवाल्यानं सांगितलं होतं. परीक्षेपर्यंत ती खोली टिकली तर मी पास होणार, नाहीतर नाही, एवढं मला कळत होतं.

घरी सांगितलं तेव्हा बाबा चुलीपुढे बसले होते.

"मासोऱ्याले चारतेत?" ते म्हणाले. "आपून तं मासोऱ्या खातो. काय चारतेत त्याइले?"

"गोळ्या येतात दुकानात."

"अन् मंग मोठ्या झाल्यावर?"

"काही नाही. पाहतात."

बाबा बराच वेळ हसत होते. "बरं हाये. मन लावून पाह्य मंग," म्हणाले.

काम मला काही येत नव्हतं. मासे विकणाऱ्या दुकानातल्या चाचांनी शिकवलं. हे गोल पोटाचे, दुहेरी शेपटीचे मासे दिसायला सुंदर, पण फुगलेल्या पोटामुळे आतून नाजूक. कोरडं खाणं पाण्यावर तरंगताना गिळलं की हवा पोटात जाते आणि मासा उलटा तरंगतो. म्हणून गोळ्या आधी वाटीत भिजवायच्या, दोन वेळा चिमूट-चिमूट द्यायच्या. दोन मिनिटांत संपेल तेवढंच. आठवड्यातून एक दिवस उपास. पोट जड वाटलं तर उकडलेला वाटाणा, साल काढून. "मुँह तो इनका हमेशा खुला रहता है, बेटा," चाचा म्हणायचे. "तुम पेट देखना."

नळाच्या पाण्याला ब्लीचिंगचा वास यायचा, ते बादलीत दिवसभर उघडं ठेवून मग तिसरा हिस्सा पाणी बदलायचो. तळातली घाण नळीनं ओढायचो, कधी तोंडात यायची. वीज गेली की हवेचं यंत्र बंद पडायचं, मग मगानं पाणी वर घेऊन खाली सोडत बसायचो. दुसऱ्या हातात पुस्तक. पेटीच्या झाकणावर रोज सकाळी कोळशाची काळी धूळ असायची, ती पुसल्याशिवाय कॉलेजला गेलो नाही. खोटं कशाला सांगू, मला ते मासे आवडायला लागले होते.

फेब्रुवारीत तळाच्या खड्यांमध्ये पांढरे कण दिसायला लागले. मी बाईंना विचारलं. बाई म्हणजे साहेबांच्या पत्नी.

"कणकेच्या गोळ्या आहेत," त्या हळूच म्हणाल्या. "ज्योतिष्यांनी सांगितलंय, रोज एकशे आठ. माझ्या मुलाचं मेडिकलचं वर्ष आहे. यांना सांगू नकोस हं, बाळा. यांना ते ज्योतिषी आवडत नाहीत."

"बाई, याइचं पोट फुगते कणकीनं."

"देवाच्या नावानं दिलेलं बाधत नाही."

त्या शहरात मला दुसरं कोणी बाळा म्हणत नव्हतं. मी गप्प बसलो. माझ्या गोळ्या बंद केल्या, वाटाणा उकडला, पाणी जास्त वेळा बदललं. कणीक चालूच होती. प्रात्यक्षिक परीक्षेच्या दिवशी सकाळी निघालो तेव्हा दोन मासे उलटे तरंगत होते, कल्ले हलत होते. संध्याकाळी आलो तर पेटीत सातच.

"गेले," बाई म्हणाल्या. "घरावरचं संकट त्यांनी अंगावर घेतलं. वाहत्या पाण्यात सोडून आले. कुणाजवळ बोलू नकोस, बोललं की ते परत येतं. मी दोन नवीन आणवते."

नवीन येण्याआधी साहेब मोजायला उभे राहिले. ड्रायव्हरभाऊ दारात किल्ली घेऊन उभे होते.

"सात कसे? दोन कुठायत?"

मी बाईंकडे पाहिलं. त्या जेवणाच्या टेबलावरची काच पुसत होत्या.

"मेलेले तर दिसले नाहीत मला," साहेब म्हणाले. "तुमच्याकडे मासे खातात ना रे?"

मी हो म्हणालो. खातात, म्हणून हो म्हणालो. पुढे काय येतंय ते मला समजलं नाही.

"मग झालं तर," साहेब हसून ड्रायव्हरभाऊंना म्हणाले. "महागातलं जेवण झालं याचं."

बाईंची काच पुसून झाली होती, तरी त्या पुसत होत्या. मी तेव्हा बोलायला हवं होतं. त्या बोलतील म्हणून थांबलो. दुसऱ्या दिवशी खोली रिकामी केली.

गावात माझ्याआधी बातमी पोचली होती. ड्रायव्हरभाऊंनी घरी एवढंच सांगितलं होतं म्हणे, की मासोऱ्यांवरून काढलं. बाकीचं लोकांनी लावलं. पाणवठ्यावर एकानं विचारलं, "काऊन रे, साहेबाच्या मासोऱ्या तव्यावर भाजल्या का रश्श्यात टाकल्या?" सगळे हसले.

मी बाबांना म्हणालो, "बाबा, म्या नाई खाल्ल्या."

"खाल्ल्या तं खाल्ल्या," ते म्हणाले. "भूक कोणाले नाई लागत?"

मी पुन्हा सांगायला गेलो तर ते गोठ्याकडे निघून गेले. त्याच आठवड्यात ते एक दिवस पहिल्या गाडीनं तेलाचा डबा घेऊन गेले. जवसाचं तेल आणतो म्हणाले. दिवे लागल्यावर रिकामा डबा घेऊन परत आले. धोतरावर गुडघ्यापर्यंत चिखल वाळलेला होता. घाणी बंद होती, म्हणाले.

बस स्टँडच्या बाकावर अभ्यास करून मी पेपर दिले. रसायनशास्त्र राहिलं, वर्ष गेलं. पुढच्या वर्षी चंद्रपुरात पोरांसोबत खोली केली आणि पास झालो, पण त्या वर्षभर बाबा तांदळाच्या प्रत्येक पिशवीत वाळवलेल्या मासोऱ्यांची पुरचुंडी घालून पाठवत. मला त्याचा राग यायचा. मी ती कधी उघडलीच नाही, खोलीवरच्या पोरांना देऊन टाकायचो.

बाबा गेले, त्यांच्या तेराव्याला ड्रायव्हरभाऊ आले. नोकरी सुटली होती, केस पांढरे झाले होते. जेवण झाल्यावर त्यांनी मला बाजूला नेलं.

"बाबू, बाईनं पिशवी नदीत सोडली तवा गाडी मीच चालवत होतो," ते म्हणाले. "नोकरीपायी नाई बोललो."

मी हातातला तांब्या खाली ठेवला.

"तुम्ही गावी आल्यावर तुमचे बाबा बंगल्यावर आले होते. माहीत हाये?"

"नाई."

"तेलाच्या डब्यात दोन मरळ मासोऱ्या घेऊन आले, जित्या. तुमच्या बोडीतल्या. गडचिरोलीला गाडी बदलून, डबा मांडीवर धरून. साहेबाले म्हणाले, पोराच्या हातून चूक झाली, दोनाच्या बदल्यात दोन घ्या, अन् त्याले परीक्षेपावतर राहू द्या."

"साहेब काय म्हणाले?"

"हसले. अन् मले म्हणाले, हे तुझ्याच कामाचं हाये, घेऊन जा."

"अन् बाई?"

"जाळीच्या दारामांगं होत्या. तुमच्या बाबाले पाणी पाठवलं."

त्यांनी खांद्यावरचा दुपट्टा सारखा केला.

"मी नेल्या घरी," ते म्हणाले. "खाल्ल्या आम्ही."