दोघांनी न उचललेला नारळ

मी नास्तिक होतो, ज्यांचा प्रचार करत होतो ते मास्तर नास्तिक होते, आणि त्यांच्या वतीनं मी गावदेवीपुढचा नारळ उचलून शपथ घेतली. मास्तरांना न विचारता. भर दुपारी, पाडाभर माणसांदेखत.

कुणाची फूस होती, काही गैरसमज झाला, असं सांगून सुटता आलं असतं तर मी केव्हाच सुटलो असतो. पण तसं काही नव्हतं. डोकं माझंच होतं.

पन्नास साल उलटून दोन-चार वर्षं झालेली. डोंबिवलीत तेव्हा स्टेशनातून बाहेर पडलं की थोड्याच अंतरावर भातखाचरं लागायची. मी मुंबईत एका कचेरीत कारकून होतो आणि रविवारी समाज बदलायचो. नास्तिक होऊन जेमतेम सहा महिने झाले होते, त्यामुळे फार कडक होतो. चाळीत सत्यनारायण असला की, "हा प्रसाद नाही, मी शिरा म्हणून खातोय," असं मोठ्यानं जाहीर करून खायचो. शेजारच्या काकू एकदा म्हणाल्या, "शिरा म्हणून खा, नाहीतर दगड म्हणून खा. पण तिसऱ्यांदा मागू नकोस."

मास्तर माझ्यासारखे नव्हते. शाळेत गणित शिकवून निवृत्त झालेले, धोतर, काळी टोपी, उन्हातही मिटलेलीच राहणारी छत्री. देव नाही हे त्यांनी तिशीतच ठरवून टाकलं होतं आणि मग तो विषय बाजूला ठेवून कामाला लागले होते. विचारल्याशिवाय सांगायचे नाहीत. मला कुणी विचारीपर्यंत धीर निघायचा नाही.

म्युनिसिपालिटीच्या निवडणुकीत आमच्या वॉर्डात मास्तर उभे राहिले, आणि समोर उभे राहिले बुवा. बुवा कीर्तन करायचे. सकाळची पूजाच त्यांची दीड तास चाले. दोघांचं भांडण देवावरून नव्हतं, पाण्यावरून होतं. मास्तर म्हणत, घरपट्टी वाढवा आणि कडेच्या पाड्यांना आधी नळ द्या. बुवा म्हणत, लोकांना आहे तीच पट्टी झेपत नाही. आधी सरकारकडून मदत आणा, मग नळाचं बघू. यावरून दोघं असे कडाकडा भांडत की नवख्याला वाटावं, आता टोप्या उडणार.

पण दोघांनी आपसात एक ठरवून घेतलं होतं. मास्तरांना देव नाही हे बुवांनी मतांसाठी काढायचं नाही, आणि बुवांना आहे हे मास्तरांनी काढायचं नाही. सभा देवळासमोरच्या मोकळ्या जागेत, कारण दुसरी जागाच नव्हती. टेबल एक, खुर्ची एक. एक बोलायचा तेव्हा दुसरा बसायचा. मास्तरांचं भाषण चालू असताना आरतीची वेळ झाली की मास्तर थांबत आणि छत्रीवर हात ठेवून उभे राहत. ते थांबलेत म्हणून बुवा दोन आरत्या गाळत. बुवांनी आरत्या गाळल्या म्हणून मग मास्तर दोन मुद्दे गाळत. त्या दोघांच्या सभ्यपणापायी आमच्या सभा फार लवकर आटपायच्या.

मला हे सगळं मिळमिळीत वाटायचं. एका सभेत बुवा बोलत असताना मी मागून ओरडलो, "तुमच्या देवालाच सांगा की पाईप टाकायला!"

बुवा थांबले. खुर्चीतून मास्तर उठले. "कोण बोललं हे?"

मी अभिमानानं हात वर केला. वाटलं, शाबासकी मिळणार.

"बुवांची माफी माग," मास्तर म्हणाले. "तू मागेपर्यंत मी माझं भाषण करणार नाही."

मागितली. काय करतो! बुवा शांतपणे म्हणाले, "अरे, सांगून बघितलं मी देवाला. तो म्हणाला, म्युनिसिपालिटीत अर्ज कर." सगळी सभा हसली. सगळ्यात मोठ्यानं मास्तर.

आता नारळाकडे येतो.

पश्चिमेला खाडीच्या अंगाला एक आगरी पाडा होता. आमच्या वॉर्डाचं ते शेवटचं टोक. तिथली विहीर होळीनंतर खारी व्हायची. मग बायका डोक्यावर दोन-दोन हंडे घेऊन रेल्वेचे रूळ ओलांडून गावातल्या विहिरीवर यायच्या. पाऊस पडेपर्यंत रोज, दिवसातून तीन-तीन खेपा. मास्तर आणि बुवा यांचा वाद कितीही रंगला तरी त्याची किंमत या बायकांच्या मानेला मोजावी लागत होती.

एका रविवारी पाड्यानं दोन्ही उमेदवारांना एकदमच बोलावलं. गावदेवीच्या देवळापुढे चिंचेखाली माणसं जमली. पाड्याचा कारभार एका म्हातारीच्या शब्दानं चालायचा. सगळे तिला आये म्हणत. मास्तर बोलले, बुवा बोलले. आयेनं दोघांचं नीट ऐकून घेतलं.

"मागच्या खेपेला आयलेला तो पन पानी देतो बोलला," ती म्हणाली. "त्याच्या आदीचा पन बोलला. बोलून पानी येत आसतं तं आमच्या विहिरीला पूर आला आसता. आता बोलू नका. देवीपुढं नारल ठेवलाय. पानी आनायचं आसंल त्यानं उचलावा."

पाड्याचा रिवाज असा, की शब्द देणाऱ्यानं देवीपुढचा नारळ दोन्ही हातांनी उचलून कपाळाला लावायचा. मग तो लाल फडक्यात बांधून देवळाच्या आढ्याला टांगतात. काम झालं की त्याच माणसानं येऊन फोडायचा. तोवर नारळ लटकलेला, आणि माणूसही.

मास्तर पुढे झाले. मला वाटलं, उचलतात. पण ते हात जोडून म्हणाले, "आजी, मी देव मानत नाही. माझ्या लेखी हा नुसता नारळ. तुमच्या लेखी तो देवीला दिलेला शब्द. मी उचलला तर तुम्हाला फसवल्यासारखं होईल. माझा शब्द मी देतो, पण तो असा साधाच आहे. चालत असला तर बघा."

कुजबुज झाली. आयेनं बुवांकडे पाहिलं. आता बुवांनी नुसता हात पुढे केला असता तरी पाडा त्यांचा झाला असता.

बुवांनी चपला काढल्या, देवीला नमस्कार केला आणि तसेच मागे आले. "आई, मी मानतो," ते म्हणाले. "म्हणूनच हात पुढे येत नाही. पाणी आणणं माझ्या एकट्याच्या हातात नाही, कमिटीच्या हातात आहे. जे माझ्या हातात नाही त्याची हमी देवीला कशी देऊ? झटेन, एवढंच बोलतो."

एकाला देव नाही म्हणून जमेना, दुसऱ्याला आहे म्हणून जमेना. नारळ तसाच पडलेला. माणसं एकमेकांकडे बघायला लागली. आणि माझ्या डोक्यात गणित सुरू झालं: नारळ म्हणजे पाडा, पाडा म्हणजे वॉर्ड. मास्तर तत्त्वापायी हातचा वॉर्ड घालवतायत!

"मास्तरांच्या वतीनं मी उचलतो!" असं ओरडून मी पुढे गेलो, नारळ उचलला, कपाळाला लावला. डोळेही मिटले. ते का मिटले, मला आजपर्यंत कळलेलं नाही. वर "मास्तरांचा विजय असो" अशी घोषणा दिली. तिला कुणी साथ दिली नाही. एकानं मात्र माझ्या हातातून नारळ घेतला आणि फडक्यात बांधायला सुरुवात केली.

परत येताना खाचरांच्या बांधावरून आम्ही तिघं एकामागं एक चाललो होतो. पुढे मास्तर, मागे बुवा, मध्ये मी.

"बुवा," मास्तर मागे न बघता म्हणाले, "हा माणूस तुमच्याकडचा दिसतो. देवीपुढे डोळे मिटले त्यानं."

"छे छे, मास्तर! तुमचाच. देव मानणारा असं करायला धजायचा नाही."

"न मानणारा तरी कशाला करील?"

"मग हा आहे तरी कोण?"

"अहो, मी इथंच आहे," मी म्हणालो.

"तेच तर दुखणं आहे," बुवा म्हणाले.

मास्तर एकदम थांबले. मी त्यांच्या पाठीवर आदळलो आणि एक पाय चिखलात गेला. "मागे फिरा," ते म्हणाले. "हे असं सोडून जाता यायचं नाही."

"मी येतो ना," बुवा म्हणाले. खरं तर त्यांना यायचं काही कारण नव्हतं.

पाड्यात लोक अजून चिंचेखालीच होते. मास्तर सगळ्यांना ऐकू जाईल असं बोलले, "ही शपथ माझी नाही. या पोरानं मला विचारलंही नाही. या नारळाकडे बघून कुणी मला मत देऊ नका."

लगेच बुवा पुढे झाले. "आणि मास्तरांनी उचलला नाही म्हणून मला देऊ नका. मीही उचललेला नाही. त्यांनी तुमच्या देवीचा मान राखलाय, हे माझं मत आहे. त्यांच्या घरपट्टीबद्दल माझं मत वेगळं आहे, ते मी उद्या सभेत सांगेन."

"सांगा," मास्तर म्हणाले. "मी उत्तर देईन."

मी आयेजवळ गेलो. "आये, तेवढा नारळ खाली काढा. चूक झाली."

"आता कसा काडायचा? उचलला त्याचा झाला."

"पण मी देव मानत नाही!"

"मंग उचललास कशाला?"

या प्रश्नावर मी पुढे पुष्कळ वर्षं विचार केला. त्या वेळी नुसता चिखलाचा पाय दुसऱ्या पायानं पुसत उभा राहिलो.

निवडणुकीत बुवा आले, मास्तर पडले. थोडक्यात पडले. माझ्यामुळे पडले की माझ्यामुळेच थोडक्यात पडले, यावर चाळीत दोन मतं होती. मास्तरांनी मला एका शब्दानं बोल लावला नाही, त्याचा जास्त त्रास झाला.

दुसऱ्याच दिवशी सकाळी पूजा उरकून बुवा मास्तरांच्या घरी आले. मी तिथंच होतो, तोंड लपवून. "मास्तर, पाड्याच्या नळाचा अर्ज तुम्ही लिहा," ते म्हणाले. "माझ्या लिहिण्यात फार आर्जव येतं. सरकारला आर्जव कळत नाही."

"घरपट्टी वाढवावी लागेल."

"चिमूटभर."

"मूठभर."

चहा निवून गेला, पुन्हा केला, तोही निवला. शेवटी चिमूट आणि मूठ यांच्यामधलं काहीतरी ठरलं आणि मास्तरांनी कागद पुढे ओढला.

"आता हा घेऊन हिंडणार कोण?" मास्तरांनी विचारलं. दोघांनी एकदम माझ्याकडे बघितलं.

हिंडलो. कल्याणला हिंडलो, ठाण्याला कलेक्टर कचेरीत हिंडलो. नोकरीतली सगळी रजा त्यात गेली. एक साहेब म्हणत नकाशा जोडा, नकाशा जोडला की दुसरा म्हणे तो कशाला जोडलात. मी कंटाळून घरी बसलो की पाड्यातलं कुणीतरी बाजाराला येता येता चाळीच्या दारात डोकावून जायचं. आवाज न चढवता एवढंच म्हणायचं, "नारल लटकलाय हां." काकू आतून विचारायच्या, "कुणाचा रे नारळ?" आणि उत्तर माहीत असून वाट बघत उभ्या राहायच्या.

खरं सांगतो, मला भीती वाटायला लागलेली. देव नाही हे मला पटलेलं होतं, पण नारळ आहे हे दिसत होतं. कामासाठी पाड्यात गेलो की मी देवळाकडे पाठ करून बसायचो. मास्तरांच्या हे लक्षात आलं. "घाबरतोस?" त्यांनी विचारलं.

"देवीला नाही. आयेला."

"मग ठीक आहे," मास्तर म्हणाले. "ती आहे."

दोन उन्हाळे असे गेले. तिसऱ्या उन्हाळ्याच्या तोंडाला पाड्याच्या वेशीवर नळ आला. पहिली धार गढूळ आली, मग स्वच्छ. बायकांनी हंडे लावले. एकीनं ओंजळभर पाणी तोंडात घेतलं, चवीनं घोळवलं आणि "गोड हाय गं!" म्हणून खाली बसली ती हसतच सुटली. बुवांनी धारेला हात जोडले. मास्तरांनी तोटी नीट बंद होते का, ते चार वेळा तपासलं. मी रिवाजाप्रमाणे नारळ फोडला. दोन वर्षं टांगून आत नुसता गोटा उरला होता. खोबरं सगळ्यांना वाटलं. मास्तरांनीही खाल्लं. हे खोबरं आहे की प्रसाद, असं काही त्यांनी जाहीर केलं नाही.

मला मात्र चढली. एवढी वणवण मी केलेली, सगळा पाडा माझ्याकडे बघून हसतोय, पोरं हात धरतायत. मनात आलं, पुढच्या निवडणुकीला आपणच का उभं राहू नये? दोघे म्हातारे आता थकलेत. मी आयेच्या शेजारी जाऊन बसलो आणि सहज विचारल्यासारखं विचारलं, "काय आये, पुढच्या खेपेला मी उभा राहिलो तर पाडा मत देईल ना?"

आयेनं खोबऱ्याचा तुकडा सावकाश चावून संपवला.

"नाय," ती म्हणाली. "बुवाला देऊ, नायतर मास्तरला देऊ. ते दोगं आमच्या तोंडावर नारलाला 'नाय' बोलले. तुला काय, कुनी काय पन पुढं ठेवलं तरी तू उचलशील."