बादलीवाल्यांचा गट

माझ्या बाबांना पुन्हा बोलतं कुणी केलं, असं वाटूरमध्ये कुणी विचारलं की मी खरं ते सांगते आणि कुणाचाच विश्वास बसत नाही. जालन्याच्या डॉक्टरांनी केलं, हे उत्तर लोकांना चालतं. आईच्या धाकानं बोलायला लागले, हेही चालतं. पण अजून बाजारातच न आलेल्या एका कॉम्प्युटर गेममधल्या खलनायकांनी, असं म्हटलं की समोरचा माझ्याकडं असा बघतो, जणू झटका बापाला नाही, लेकीलाच आला होता. चालायचंच. ज्याचे उपकार त्याचं नाव घ्यावं, मग तो तोंडाला राख फासून गावं जाळणारा का असेना.

आधी बाबा सांगते. घरची शेती होती, कापूस व्हायचा, पण पंचक्रोशीत बाबांची ओळख म्हणजे आवाज. रिक्षावर कर्णा बांधून ते पुकारा करत फिरायचे. कुणाची शेळी हरवली, कुठं डोळ्यांचं शिबिर आहे, लग्नात वऱ्हाडी मंडळींनी पंगतीला बसून घ्यावं, सगळं बाबांच्या तोंडून. आणि ग्रामपंचायतीची निवडणूक लागली की मग विचारूच नका. सकाळी कपबशीच्या पॅनलचा प्रचार, जेवून उठले की पंख्याच्या पॅनलचा, आणि दोन्हीकडं तीच कळकळ. कुणी टोकलं तर म्हणायचे, "आवाज भाड्याचा, मत घरचं." बोलायच्या आधी माइकवर नखानं टकटक करायची, मग फुंकर मारायची, मग "हॅलो", ही त्यांची सवय. घरात काही महत्त्वाचं सांगायचं असलं तरी आधी ताटाच्या कडेवर टकटक व्हायची. आम्ही घास हातात धरून थांबायचो.

कापूस वेचणीच्या दिवसांत त्यांना झटका आला. उजवा हात बराचसा परत आला, पाय आला, शब्द मात्र नीट परत आले नाहीत. मनात एक असायचं आणि तोंडातून दुसरंच निघायचं. दवाखान्यातून घरी आले त्या आठवड्यात त्यांचे जुने मित्र भेटायला आले. जयभीम केला, बाबांनीही नीट केला. मग त्यांना 'बसा' म्हणायचं होतं, तर निघालं, "उठा." मित्रांना वाटलं, गंमत करताहेत. ते हसले. बाबा चिडले आणि आणखी जोरात म्हणाले, "उठा, उठा!" बिचारे उठले आणि चहा न घेताच गेले. बाबांनी भिंतीकडं तोंड केलं आणि त्या दिवसापासून ते बोलायचे बंद झाले. पाणी हवं असलं तर तांब्याकडं बोट, आई हवी असली तर काठी जमिनीवर.

बोलायचे व्यायाम शिकवणाऱ्या जालन्यातल्या मॅडम म्हणाल्या, "चुकीचं बोलू द्या, अर्धवट बोलू द्या, पण बोलतं ठेवा. हे सुरुवातीचे महिने हातचे गेले तर पुढं फार अवघड." त्यांनी चित्रांचे पत्ते दिले. गाय, घर, छत्री. आई रोज सकाळी पत्ते घेऊन बसायची. "अहो, हे काय आहे? सांगा ना. छत्री. छ, छ." ज्या माणसानं भर बाजारात शेकडो लोकांना एका 'हॅलो'त गप्प केलं, त्याच्यापुढं छत्रीचं चित्र! बाबा एकदा छत्रीकडं बघायचे, एकदा आईकडं, आणि डोळे मिटून घ्यायचे. मला दोघांचाही राग यायचा. आमच्या घरात राग बापाकडून लेकीकडं वाटणीपत्राशिवाय आलेला आहे. पण रागाच्या तळाशी भीती होती. मॅडमनी सांगितलेले महिने चालले होते आणि मला माझ्या बापाचा आवाज पुन्हा कधीच ऐकू येणार नाही असं वाटायला लागलं होतं.

आता माझं सांगते. वाटूर फाट्यावर माझं झेरॉक्सचं आणि ऑनलाइन फॉर्म भरून द्यायचं दुकान आहे. आठवडाभर लोकांचे अंगठे लावून घेते आणि सर्व्हर डाउन असल्याबद्दल शिव्या खाते. रविवारी दुपारी दुकान बंद ठेवून मी गेमच्या ग्रुप कॉलवर असते. या वयात हे शोभतं का, असं आत्यापासून सगळ्यांनी विचारून झालं आहे. गेम तलवारींचा आणि जादूटोण्याचा. आपण त्यात एक पात्र व्हायचं, गावोगाव हिंडायचं, कुणाच्या बाजूनं उभं राहायचं ते आपणच ठरवायचं. जुने भाग मी कॉलेजात असल्यापासून खेळत आलेय. नवा भाग येणार म्हणून कंपनीनं एक छोटासा व्हिडिओ सोडला होता आणि आम्ही वाट बघणारी मराठी माणसं महिनोन्‌महिने त्याचाच कीस पाडत होतो. त्यात खलनायकांचे गट ओझरते दिसतात. आम्ही त्यांना आपली नावं ठेवली होती. घंटा घेऊन चालणारे ते घंटावाले. पांढऱ्या कफन्यांतले ते मीठवाले. तोंडाला राख फासलेले राखवाले. यातला खरा खलनायक कोण, यावर आमचे दर रविवारी वाद. व्हिडिओ थांबवून, मोठा करून आम्ही भिंतीवरच्या भेगासुद्धा तपासायचो. गेम बनवणाऱ्यांच्या लेखी फुकटचं असं काही नसतंच. कोपऱ्यात कावळा दिसला तर त्यालाही अर्थ असलाच पाहिजे.

एका रविवारी उंदरानं माझ्या इअरफोनची वायर कुरतडलेली होती. कूलर फक्त बाबांच्या खोलीत. म्हणून मी त्यांच्या खाटेपाशी लॅपटॉप घेऊन बसले आणि स्पीकरवरच बोलत होते. बाबा भिंतीकडं तोंड करून पडले होते.

"हे बघा," मी ठासून सांगत होते, "गट तीन आहेत, पण मागून चालवणारा एकच आहे. घंटावाले. मी लिहून देते."

"पुरावा?" कोल्हापूरवाला म्हणाला. हा तिथं कुठल्याशा कारखान्यात इंजिनियर आहे आणि पुराव्याशिवाय जेवतसुद्धा नसावा.

तेवढ्यात माझ्या पाठीमागं खाट करकरली. वळून बघते तर बाबा कोपरावर उठलेले, चेहरा लाल. ओठ हलत होते. आणि कितीतरी दिवसांनी तो आवाज आला, घोगरा, पण त्यांचाच.

"बादली... बादली कोणाची?"

बाबा काय समजले होते ते मला पुढं बऱ्याच दिवसांनी त्यांच्याकडूनच कळलं. गट, बाजू, मागून चालवणारा, एवढं ऐकून त्यांना वाटलं, पोरगी आपल्याला न विचारता निवडणुकीचं पॅनल बांधतेय! सगळ्यांची वाटणी झाली, मग बादली ही निशाणी कुणाला गेली, एवढंच त्यांना विचारायचं होतं. वाटूरच्या बापानंच करावी अशी ती चूक होती.

पण पलीकडच्यांना यातलं काहीच माहीत नव्हतं. "कोण बोललं?" कोल्हापूरवाल्यानं विचारलं. बाबा आजारी आहेत, त्यांना यातलं समजत नाही, असं सांगायला मी तोंड उघडलंच होतं. तेवढ्यात शहागडची पोरगी ओरडली. हायवेवर तिच्या अब्बांचं टायरचं दुकान आहे. रविवारी ती गल्ल्यावर बसून आमच्यात बोलते, आणि मागं ट्रकचे हॉर्न चालूच असतात.

"रुको, रुको! कोणी काही बोलू नका. चाचा बराबर बोलून राह्यले. तो विहिरीवाला सीन लावा. जल्दी!"

आम्ही लावला. जळालेलं गाव, मधोमध विहीर आणि काठावर एक पालथी बादली. इतक्या महिन्यांत ती आमच्यापैकी एकालाही दिसली नव्हती.

"आयला," कोल्हापूरवाला म्हणाला, "गाव जळतंय आणि बादली पालथी? म्हणजे कुणीतरी मुद्दाम विझवू दिलं न्हाई. घंटावाले नुसते पुढं हायत. मागं चौथा गट हाय."

"बादलीवाले," शहागडवाली म्हणाली. "चाचा, तुम्ही तर कमाल केली."

बाबा स्क्रीनकडं बघत होते. त्यांचा शब्द कुणी दुरुस्त केला नव्हता, कुणी कीव केली नव्हती, कुणी उठून गेलं नव्हतं. उलट दूरदूरची माणसं त्या एका शब्दावर तुटून पडली होती. त्यांनी हळूच खाटेच्या खाली पाय सोडले. दारात आई पत्ते हातात धरून उभी होती. तिनं ते पदराखाली लपवले.

पुढच्या रविवारी जेवण झाल्याझाल्या बाबांनी खुर्ची कूलरसमोर ओढायला लावली. मी त्यांना सगळा व्हिडिओ दाखवला. भल्यामोठ्या अजगरावर बसलेला माणूस बघून ते म्हणाले, "हा... परतूरचा न्हाई." निवडणूक आपल्या तालुक्यातली नाही, एवढं त्यांना कळलं. पण निवडणूक ती निवडणूक. कोण कुणाला फोडणार, कोण आतून कुणाचा, हे बाबांना कळायला अजगर आडवा येत नव्हता. त्यांनी आपला सिद्धांत मांडला, तो असा: "दोघांचं भांडण... तिसऱ्याचं... तिसऱ्याचं... जेवण."

'लाभ' म्हणायचं होतं. मला ते कळलं आणि मी दात आवळून गप्प बसले. ग्रुपला जेवणच आवडलं. आमच्यात त्या सिद्धांताला आजही 'तिसऱ्याचं जेवण' म्हणतात. राजा म्हणायला गेले की बाबांच्या तोंडून ड्रायव्हर निघायचं. चार रविवार गेले आणि सगळेच राजाला ड्रायव्हर म्हणायला लागले. "ड्रायव्हरला विष कुणी दिलं असंल?" यावर कोल्हापूरवाला इतक्या गंभीरपणे बोलायचा की आई पदर तोंडाला लावून हसायची.

पण मला सगळ्यात जास्त आठवतं ते त्यांचं थांबणं. बाबा मध्येच अडायचे, शब्द शोधत राहायचे. तेव्हा पलीकडं शांतता व्हायची. शहागडचे हॉर्न ऐकू यायचे, कोल्हापुरातल्या कुकरची शिट्टी ऐकू यायची, पण मधला शब्द कुणी घाईनं भरून टाकायचं नाही. एरवी ही माणसं एकमेकांना वाक्य पुरं करू देत नाहीत. त्यांना हे कुणी शिकवलं, मला माहीत नाही. मी त्यांना कधी भेटलेली नाही, निम्म्यांचे चेहरेही मला ठाऊक नाहीत. माझ्या कातड्याचे जोडे करून घातले तरी त्यांचं ऋण फिटायचं नाही.

मग नवा व्हिडिओ आला आणि त्यात कंपनीनं खलनायकांचे गट जाहीर केले. माझे घंटावाले चक्क सज्जन निघाले. खरे खलनायक राखवाले. आणि बादली? बादली कुठंच नाही. पालथीही नाही, सुलटीही नाही. मला स्वतःच्या हरण्याचं काही वाटलं नाही, धास्ती बाबांची होती. आपण चुकलो, हे कळलं की हा माणूस पुन्हा भिंतीकडं वळेल. बाबांनी व्हिडिओ पुन्हा लावायला सांगितला. नीट पाहिला. खुर्चीत मागं रेलले.

"अर्ज मागं घेतला असंल," ते म्हणाले. मग पुढं जोडलं, "दबाव आला असंल."

एकही शब्द अडला नाही, एकही बदलला नाही. पलीकडं हशा फुटला. कोल्हापूरवाला विचारत होता, "काका, मग आता आपला पाठिंबा कुणाला?" बाबा म्हणाले, "अपक्ष." मला हसू येत होतं आणि डोळ्यांतून पाणीही येत होतं. शेवटी मी पाणी आणायच्या निमित्तानं आत गेले.

त्यानंतर ते हळूहळू बाहेरही बोलायला लागले. आधी दूधवाल्याशी, मग फाट्यावर चहाच्या टपरीवर. जुन्या मित्रांना त्यांनी स्वतः बोलावून घेतलं आणि म्हणाले, "बसा." ते जाईपर्यंत मधूनमधून म्हणत राहिले, "बसा, बसा." अजूनही शब्द दगा देतात. परवा आईला त्यांनी सरपंच म्हणून हाक मारली. पण ते आता चुकलं म्हणून गप्प होत नाहीत, चुकतमाकत पुढं जातात.

मागच्या रविवारी बातमी आली की गेम पुन्हा पुढं ढकलला, चांगला वर्षभरानं. ग्रुपवर सुतकच पडलं. शहागडवाली म्हणाली, तिनं गेमसाठी सुट्टीसुद्धा बोलून ठेवली होती. कोल्हापूरवाला कंपनीला शिव्या घालून घालून थकला. बाबांनी माझ्या हातातून नव्या इअरफोनचा माइक घेतला. त्यावर नखानं टकटक केली. फुंकर मारली. झटका आल्यापासून मी ती फुंकर ऐकली नव्हती.

"हॅलो," बाबा म्हणाले, आणि मग भर बाजारातल्या त्याच जुन्या आवाजात, "येऊन येऊन येणार कोण?"

मग शहागडातून आणि कोल्हापुरातून, आणि कुठून कुठून, सगळे एकदम ओरडले, "बादलीशिवाय आहेच कोण!"

बाबांनी पुन्हा पुकारलं. ते पुन्हा ओरडले. आवाज ऐकून आई कणकेच्या हातानं दारात आली आणि बाबांकडं बघत उभी राहिली.

"काय गं," तिनं मला हळूच विचारलं, "ह्यांची निवडणूक हाय तरी कधी?"

"पुढं गेली, आई. अजून लई लांब हाय."

"बरं झालं," आई म्हणाली.