माझ्या घरी ठेवलेली झांज

देवाने मला आकडा दिला, असं मी एके काळी मनापासून मानत होतो. हे लिहितानाही लाज वाटते, पण ती लाज टाळून हा अनुभव सांगता येणार नाही. भरवेलीच्या मँगनीज खाणीत मी हजेरी-बाबू होतो. दिवसभर मजुरांची हजेरी लिहायची, पाळी सुटली की सायकल दामटत बालाघाटला जायचं आणि चौकातल्या पानठेल्यावर मटक्याचा आकडा लावायचा, हा माझा नेम. मुंबईहून आकडा येईपर्यंत जीव टांगलेला असायचा. बायकोच्या, शांताच्या, अंगावर होतं नव्हतं ते सगळं त्यात गेलं. शेवटी तिने आवाज न चढवता सांगितलं, "पुन्हा आकडा लावला त मी पोरीले घेऊन तुमसरले जाईन. बोलवाले येऊ नका." तुमसरला तिचं माहेर.

त्या धाकाने मी कॉलनीतल्या मारुतीसमोर आकडा सोडला. आमच्या भजन मंडळाची एक रीत होती. दारू, पत्ते, आकडा, ज्याने जे सोडलं त्याच्या घरी मंडळाची झांज ठेवायची. दर शनिवारी संध्याकाळी ती घेऊन त्याला यावंच लागे, कारण तो आला नाही तर भजनाला झांजच नाही. मंडळ चालवणारे दौलतबुवा खाणीत सुरुंग लावायचे, त्यामुळे कानाने अधू झालेले. त्यांनी झांज माझ्या हातात दिली आणि म्हणाले, "दर शनिवारी चिंचेनं घासत जा, बाबू. बाकीचं मारुती पाहून घेईन."

जवळजवळ वर्ष नीट गेलं. शांता पुन्हा हसू लागली होती. मग एका शनिवारी आरती चालू असताना मारुतीच्या खांद्यावरून झेंडूची तीन फुलं एकदम घरंगळली. दुसऱ्या कोणी ती उचलून परत वाहिली असती. जुगाऱ्याला फुलं दिसत नाहीत, तीन दिसतात. मला वाटलं, वर्षभराच्या भक्तीचं हे फळ. सोमवारी तीन लावला आणि तीनच आला. तेव्हाच हरलो असतो तर बरं झालं असतं. पुढच्या शनिवारी एकही फूल पडेना, म्हणून मी समईच्या वाती मोजल्या. मारुती देत नव्हता तर मी ओरबाडून घेत होतो. चार वाती होत्या, चार लावला, बुडालो. पगारही त्यातच गेला, आणि तो भरून काढायच्या नादात एका दुपारी मी ती झांज बाजारातल्या कासाराला मोडीच्या भावात विकली. ते पैसेही चौकातच राहिले.

झांज मंदिरात ठेवली आहे, असं शांताला सांगितलं. पुढचे दोन शनिवार जास्तीची पाळी आहे म्हणून मंदिर टाळलं. तिसऱ्या शनिवारी मात्र धीर सुटला. ती पोरीला घेऊन जाण्याआधी आपणच नाहीसं व्हावं, बैहरच्या जंगलात लाकूडतोडीच्या कामावर कोणी फार चौकशी करत नाही, असं ठरवून दुपारी बालाघाटच्या बसस्टँडवर बैहरचं तिकीट काढलं. बस भरवेलीवरूनच जाणार होती. तेवढ्यापुरती मान खाली घालून बसायचं होतं. मारुतीवर माझा रागही होता. तीन दिला, मग चार का नाही दिला, असा तो राग. आज आठवलं की स्वतःचीच कीव येते.

बसचं चाक पंक्चर झालं होतं आणि ड्रायव्हर ते बदलत होता. तेवढ्यात शेजारी एक माणूस येऊन टेकला. पायात टायरच्या चपला, कानावर विझलेली बिडी, मांडीवर गमछ्यात बांधलेलं काहीतरी.

"हे बस भरवेलीवरून जाते का, भाऊ?"

"हौ," मी म्हटलं.

त्याने गमछा सोडला. आत झांज होती. काठावर कोरलेलं मंडळाचं नाव मी वर्षभर चिंचेने घासलं होतं, ते मला न वाचताही ओळखू आलं.

"मी लालबर्र्याकडचा," तो सांगू लागला. "आमच्या गावच्या भजनाले कासाराकडून घेतली. घरी जाऊन पाह्यतो त भरवेलीचं नाव. देवाची वस्तू, कोनाची चुकली असन. आमचं भजन कसं रंगन मंग? म्हनून वापस कराले जाऊन राह्यलो."

माझ्या तोंडून निघून गेलं, "चुकली नाही. मीच विकली. आकड्यापायी."

तो रागावला नाही, उपदेशही केला नाही. मग झांज पुन्हा गमछ्यात गुंडाळून त्याने माझ्या मांडीवर ठेवली. "मंग त मले जायाचं कामच नाही. तुमच्या घरची, तुम्हीच न्या."

"मी पुन्हा विकली त?"

"मी त देऊन टाकली, भाऊ. आता तुमचं तुम्ही पाहा."

तो लालबर्र्याच्या गाडीकडे निघून गेला. मी त्याला नावही विचारलं नाही. गमछा माझ्याकडेच राहिला.

तिकीट बैहरचं होतं, उतरलो भरवेलीला. शांतासमोर झांज ठेवली आणि फुलांपासून बसस्टँडपर्यंत सगळं सांगितलं. बोलता बोलता दाराशी बांधून ठेवलेली तिची ट्रंक दिसली. झांजेचा कोनाडा रिकामा झाला त्याच दिवशी तिला सगळं कळलं होतं. तिने पोरीचे केस सारखे केले. मग म्हणाली, "आपल्या तोंडानं सांगितलं तुम्ही, पह्यल्यांदा. चला, मी बी येते मंदिरात."

मंदिरात माझी जागा मोकळी होती. दौलतबुवांनी तिथे कोणाला बसू दिलं नव्हतं. माझ्या वाट्याचा ताल दोन शनिवार त्यांनी टाळ्या वाजवून धरला होता. मी त्यांच्या कानाशी लागलो, तर ते हात कानामागे धरून म्हणाले, "मोठ्यानं सांगा, बाबू." आणि जे कुजबुजायचं होतं ते मला अख्ख्या मंडळासमोर ओरडून सांगावं लागलं. कोणी हसलं नाही. मागून एक म्हातारा फिटर म्हणाला, "माझी दारू दोनदा परत आलती." बुवा म्हणाले, "सोमवारपासून पाळी सुटली का माझ्याकडं चहा, मंग मी घरापावतर सोडतो. पगाराच्या दिवशी सूनबाईले घेऊन या, पैसे तिच्याच हाती." निवृत्त होईपर्यंत त्यांनी तो चहा चुकवला नाही, मला कंटाळा आला तरी.

तो लालबर्र्याचा माणूस देव होता, असं मी म्हणत नाही. पण मी मारुतीकडे खुणा मागत होतो तेव्हा तो गप्प होता, आणि मी पळून निघालो तेव्हा माझी वस्तू गमछ्यात बांधून कोणीतरी माझ्याच शेजारी येऊन बसलं. या कृपेपुढे मी माथा टेकला. शांता तुमसरला जाते, पण दिवाळीला, आणि परत येते.

आजही आरतीत मारुतीच्या खांद्यावरून फुलं घरंगळतात. मी उठतो, ती ओंजळीत घेतो आणि परत वाहतो. किती होती, ते मला माहीत नसतं.