वनमाला कंडक्टरचा खुबा

चालत्या गाडीत दांडा धरून तिकीट देणाऱ्या कंडक्टरला वनमाला कंडक्टर मानतच नसे. एक हात दांड्याला गेला म्हणजे सुट्टे मोजायला उरतं काय? ती स्वतः डावा खुबा सीटच्या लोखंडी कडेला टेकवी आणि दोन्ही हात मोकळे सोडी. बीडहून तलवाड्याकडे जाताना गाडी कितीही हेलकावली तरी तिचं तिकिटाचं मशीन थांबत नसे. प्रवासी तिला भीत, आणि ते तिला योग्यच वाटे. पाचशेची नोट पुढे करून खिडकीबाहेर बघणाऱ्या माणसांना धाकाशिवाय आणखी काय द्यायचं?

मग खुबाच दुखायला लागला. बाहेरच्या बाजूने, जिथे हाड हाताला लागतं तिथे. गाडीची पायरी चढताना कळ मांडीतून खाली उतरे. डाव्या कुशीवर वळलं की झोप मोडे. तिच्या जाऊबाईंनी, म्हणजे बायनाबाईंनी, त्या जागी बिब्बा घातला. दुखणं तिथेच राहिलं आणि वर काळा डाग आला. वनमालाने त्यांची अक्कल काढली. पुढे आगारातल्या साहेबांनी स्पष्टच सांगितलं की पाय असाच राहिला तर टेबलावर बसावं लागेल, गाडी मिळणार नाही. टेबल! सकाळपासून एकच खुर्ची गरम करणारी ती माणसं. त्यांच्यात बसण्यापेक्षा सुई बरी, म्हणून ती बीडच्या एका हाडांच्या डॉक्टरकडे गेली.

डॉक्टर कोवळ्या तोंडाचा होता. खुब्यावरचे स्नायू हाडाला जिथे जोडलेले असतात तिथे झीज झाली आहे, असं तो म्हणाला. तिचंच रक्त काढून यंत्रात फिरवायचं आणि त्यातला प्लेटलेट्सनी दाट झालेला पिवळसर भाग दुखऱ्या जागी टोचायचा. काहींना गुण येतो, काहींना नाही, हेही त्याने लपवलं नाही.

"म्हंजे माजंच रक्त घुसळायचं अन् मलाच द्यायचं," वनमाला म्हणाली. "ताक हाय का ते?"

तो हसला नाही, म्हणून तिच्या मनातून आणखीच उतरला. त्या बाजूवर दाब नको, त्या एकाच पायावर भार नको, व्यायाम मात्र रोज, फरक पडायला महिने लागतील, असं तो बराच वेळ सांगत राहिला. पुढच्या स्टॉपवर सुट्टे देतो म्हणणाऱ्या प्रवाशाचं ऐकावं, तसं तिने ते ऐकलं.

सुई टोचल्यावर खुबा आधीपेक्षा जास्त ठणकला, मग जरा बसला. रजा संपवून ती गाडीवर परतली. पावसाळा सरला तरी कळ तशीच होती. कँटीनमध्ये ती डॉक्टरची नक्कल करी आणि लोक हसत.

तिच्या गाडीचा ड्रायव्हर शहादेव तेवढा हसत नसे. स्टिअरिंगला जोडलेला एक भाग, यापलीकडे वनमालाने त्याला कधी मोजलं नव्हतं. एकदा तलवाड्यात गाडी उभी असताना तो म्हणाला, "बाई, त्या डॉक्टरला काहून शिव्या देता?"

"मग काय आरती करू?"

"मी आरशात बघतो ना. गाडी वळली की तुमी टेकता. त्याच हाडावर. रजेवरून आल्यापासून एक फेरी सोडली न्हाई."

"मी न्हाई टेकत."

त्याने स्टार्टर मारला. गाडी निघाली. वनमाला मुद्दाम दोन्ही पायांवर ताठ उभी राहिली. गेवराईकडचं वळण आलं, एका म्हाताऱ्याने नोट पुढे केली, आणि ती घेताना तिचा खुबा आपोआप लोखंडावर जाऊन बसला. कळ आल्यावरच तिला ते कळलं. आयुष्यभर जगाला बावळट म्हणणाऱ्या बाईला आता शिवी कुणाला द्यायची ते सुचेना. पायालाच दिली, मनातल्या मनात.

दुसऱ्या दिवशी ती साहेबांसमोर उभी राहिली. टेबल द्या म्हणाली, पण पाय सुधरेस्तोवरच. गाडी माझी आहे, तिच्यावर कुणाला कायमचं चढवू नका. पाय सुधरेलच असं डॉक्टर तरी म्हणतो का, असं साहेबांनी विचारलं. नाही म्हणत, असं तिने सांगितलं. हे कबूल करणं तिला सुईपेक्षा जड गेलं.

टेबलावरच्या आदिनाथने खुर्ची सरकवून चहा मागवला.

"च्या नको," ती भिंतीला पाठ लावून दुखरा पाय हळूच बाजूला उचलत म्हणाली. "तुमच्यावानी बसायला न्हाई आले मी. व्यायाम करू द्या."